टर्बो बसवायचाय, पण कुठल्या गाडीला?

"गाडी चांगली आहे हो, पण घाटात धापा टाकते. टर्बो बसवून मिळेल का कुठे?" हप्ते भरून घेतलेल्या १.२ लिटरच्या साध्या हॅचबॅकबद्दल हा प्रश्न हमखास निघतो. बसवून मिळतो. हौशी लोक जुन्या स्विफ्टला, होंडा सिटीला टर्बो बसवतात आणि त्या गाड्या पळतातही. पण रोज ऑफिसला न्यायच्या गाडीचं गणित वेगळं असतं. मे महिन्याचं ऊन, एसी चालू, मागे तिघं, डिकीत सामान आणि समोर चढ, हे सगळं आठ-दहा वर्षं निभावलं पाहिजे. तेव्हा आधी विचारायचं ते हे, की कुठल्या इंजिनाला टर्बो पचेल?

इंजिनाची ताकद अडते ती हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, हवा मात्र सिलिंडरच्या मापाइतकीच आत येते. १.२ लिटरचं इंजिन ३,००० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्या, आणि हवा दर दोन फेऱ्यांत एकदाच आत येते) मिनिटाला जास्तीत जास्त १,८०० लिटर हवा ओढू शकतं आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच ओढतं. टर्बो ही मर्यादा ओलांडतो. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एका छोट्या चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. छोट्या गाडीतला हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ सालचं.

घाटात गाडी धापा टाकते याचं मुख्य कारण अर्थातच चढ. पण विरळ हवेचाही त्यात हात असतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी. साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, ४,३०० मीटर उंचीवर, विमानाचं लिबर्टी इंजिन नेऊन चालवलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्याच डोंगरावर त्याने ३५६ दिली.

मग अडचण कुठे येते? उष्णतेत. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं खालचं टोक हाताला चटका देतं, तसंच टर्बोतली हवाही दाबली की तापते. हिशेब करून पाहा. बाहेर ३५ अंश आहे आणि टर्बोने दाब दीडपट केला. ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर (हवा दाबणारं ते दुसरं चक्र) धरला तर बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या आसपास असते. तापली की ती फुगते. त्यामुळे दाब ५० टक्के वाढूनही हवा प्रत्यक्षात २८ टक्केच जास्त मिळते. मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, लावून तीच हवा ५० अंशांवर आणली तर फायदा ४३ टक्क्यांवर जातो. म्हणून कुणी "इंटरकूलर नको, स्वस्तात बसवू" म्हणालं तर तिथून निघावं. त्यात तोटा नुसत्या ताकदीचा नसतो.

ही तापलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते. किती, ते कॉम्प्रेशन रेशोवर ठरतं, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट कमी जागेत दाबलं जातं त्यावर. ११ला १ असेल तर ३५ अंशांनी आत आलेलं मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच ४०० अंशांच्या आसपास पोचतं, आणि ९० अंशांनी आलेलं सव्वापाचशेपर्यंत. आता स्पार्क प्लगची ठिणगी पडते, ज्योत पसरू लागते, आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायची वाट न पाहता स्वतःच एकदम पेट घेतं. दाबाची लाट पिस्टनच्या माथ्यावर आदळते. हेच नॉकिंग. पॅडल दाबल्यावर बॉनेटखालून येणारी टकटक ती. ती चालू राहिली तर रिंगांमधली पिस्टनची कड तुटते, हेड गॅस्केट फुंकतं, आणि मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज राहत नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो गाडीचा सगळा इतिहास म्हणजे या टकटकीशी केलेल्या तडजोडी. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन टर्बो गाड्या आल्या. शेवरोलेने कॉर्व्हेअरचं कॉम्प्रेशन ८वर उतरवलं. ओल्ड्समोबिलने जेटफायरमध्ये मात्र ते १०.२५ ठेवलं आणि नॉकिंग थोपवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. 'टर्बो रॉकेट फ्लुइड' नावाची वेगळी टाकीच होती त्यासाठी. कागदावर उत्तम. पण गिऱ्हाईक म्हणजे चारचौघांसारखी माणसं. ती टाकी भरायची लोक विसरत. रिकामी झाली की गाडी स्वतःला वाचवायला टर्बोचा दाब कापायची, मग मालक तक्रार घेऊन शोरूममध्ये. दोन मोसमांत गाडी बंद झाली, आणि पुढे तर टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची वेळ कंपनीवर आली. रोजच्या गाडीत मालकाच्या आठवणीवर अवलंबून असलेला कुठलाही उपाय टिकत नाही, मग ती साठ वर्षांपूर्वीची टाकी असो की आजचं "फक्त प्रीमियम पेट्रोलच टाका हं" असं बजावून इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणारं रिमॅपिंग.

घरच्या वापराच्या टर्बोचं कोडं नीट सोडवलं ते स्वीडनच्या साब कंपनीने, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. साब ९९ टर्बोत त्यांनी कॉम्प्रेशन ७.२ पर्यंत खाली आणलं आणि टर्बो छोटा ठेवला, म्हणजे रोजच्या आरपीएमलाच तो जागा होईल. याचीही किंमत असते. कॉम्प्रेशन ११वरून ९वर आणलं तर सैद्धांतिक हिशेबाने कार्यक्षमता साधारण पाच टक्क्यांनी घटते, आणि ती दर लिटरमागे, सिग्नलला उभं असतानाही. १९८२ मध्ये साबनेच नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. टकटक सुरू झाली की दाब आपोआप कमी. मग कॉम्प्रेशन पुन्हा थोडं वर नेता आलं. आज ह्युंदाईचं १.० टर्बो, मारुतीचं बूस्टरजेट, फोक्सवॅगनचं १.० टीएसआय ही इंजिनं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. त्याची वाफ होताना आतलं मिश्रण थंड होतं, म्हणून त्यांना १०च्या आसपासचं कॉम्प्रेशन झेपतं.

आता आपली १.२ लिटरची हॅचबॅक. मायलेजच्या शर्यतीमुळे आजच्या साध्या पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन ११-१२च्या घरात गेलंय. म्हणजे गाडी जितकी नवी आणि 'कितना देती है'वाली, तितकी बाहेरून टर्बो बसवायला वाईट. नऊ-साडेनऊच्या घरातली जुनी इंजिनं त्या मानाने सोशिक, पण त्यांचे पिस्टन, बेअरिंगं, क्लच सगळे दीड-दोन लाख किलोमीटर चाललेले असतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलचा ऑक्टेन (इंधन नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचं माप) सुमारे १०८, म्हणजे नॉकिंगच्या दृष्टीने ते चांगलंच. पण त्याला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं. इंजिनाची सेटिंग बसवणाऱ्या ट्यूनरने ते धरलं नसेल तर पूर्ण दाबावर मिश्रण गरजेपेक्षा पातळ पडू शकतं. (सीएनजीचा ऑक्टेन तर १२०च्या वर. नेक्सॉनची टर्बो सीएनजी आली यात मला तरी नवल वाटलं नाही.)

कंपन्या हे कसं करतात ते पाहायचं तर निसान मॅग्नाइट बघा. साधं इंजिन ९९९ सीसी, ताकद ७२ पीएस (जवळपास अश्वशक्तीच), टॉर्क म्हणजे ओढ ९६ न्यूटन-मीटर. टर्बोही ९९९ सीसीच, पण १०० पीएस आणि मॅन्युअल गिअरबॉक्सला १६० न्यूटन-मीटर. वाटेल की त्याच इंजिनाला टर्बो लावला. तसं नाहीये. साध्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८४.१, टर्बोचा बोअर ७२.२, स्ट्रोक ८१.३. इंजिनच वेगळं, आणि सिलिंडरच्या आतल्या बाजूला घर्षण कमी करणारा आरशासारखा लेप. स्वस्त गाडीतसुद्धा कंपनीने "तेच इंजिन, वर टर्बो" हा सोपा रस्ता धरला नाही.

गिअरबॉक्सचंही तसंच. टाटाचं १.२ टर्बो पेट्रोल नेक्सॉनमध्ये सहा गिअरांसह १७० न्यूटन-मीटर देतं. अल्ट्रोझ आयटर्बोत पाच गिअर होते आणि आकडा १४०. गिअरबॉक्स किती सोसेल यावर इंजिनाला लगाम बसतो, असा अंदाज यावरून बांधता येतो. बाहेरून बसवलेल्या टर्बोला असा लगाम घालणारं कुणी नसतं.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. वॉरंटी जाते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: कुटुंबाच्या एकुलत्या एका गाडीला बाहेरून टर्बो बसवू नये. हौस असेल तर जुनी दुसरी गाडी घ्यावी आणि कमी दाब, मोठा इंटरकूलर, नॉक सेन्सर यांवर पैसे घालावेत. घरची गाडी कंपनीच्या टर्बोचीच घ्यावी. तीही गरज असेल तर. दिवसभर सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत टर्बो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. पण दर शनिवारी कसारा किंवा खंबाटकी चढायचा असेल तर फरक जाणवतो. मारुती फ्रॉन्क्सचं १.२ इंजिन ११३ न्यूटन-मीटर देतं ते ४,४०० आरपीएमला. १.० बूस्टरजेट १४७.६ देतं आणि तेही २,००० पासून ४,५०० पर्यंत. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन असतं ते बहुतेक याच पट्ट्यात.

जुन्या बाजारात पोलो टीएसआय, बलेनो आरएस, ग्रँड आय१० निऑसची टर्बो अशा गाड्या सापडतात. बघायला जाल तेव्हा मालकाला आधी गाडी सुरू करू देऊ नका. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू होऊ दे. मागून निळसर धूर आला तर टर्बोचं सील किंवा रिंगा गेल्याची शंका घ्यावी. मेकॅनिकला टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढायला लावून दांडा बोटाने हलवून पाहायला सांगा. किंचित हलला तर चालतं, पण चक्राची पाती कडेला घासत असतील तर सोडून द्या. ऑइल बदलल्याची बिलं मागा, कारण दोन लाख फेऱ्यांचा तो दांडा ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. आणि टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर घेऊ नका. चढ शोधा, एसी लावा, चार माणसं बसवा, तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पॅडल दाबा आणि खिडकी उघडी ठेवून टकटक येते का ते ऐका.