केंब्रिज विद्यापीठाची संगणक प्रयोगशाळा

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग. १४ मे १९३७ रोजी ‘गणितीय प्रयोगशाळा’ या नावाने स्थापना. १९७० मध्ये ‘संगणक प्रयोगशाळा’ आणि २०१७ पासून ‘संगणकशास्त्र व तंत्रज्ञान विभाग’ असे नामांतर. पहिले संचालक जॉन लेनर्ड-जोन्स हे रसायनशास्त्रज्ञ होते. ज्याला ज्याला किचकट आकडेमोड करावी लागते, त्या प्रत्येक विभागाला तिची सोय मिळावी, हा स्थापनेचा हेतू. सुरुवातीला ही सोय म्हणजे हाताने फिरवायची गणनयंत्रे होती.

युद्धानंतर संचालक झालेल्या मॉरिस विल्क्स यांनी ‘एडसॅक’ हा संगणक उभारला. सुमारे ३,००० व्हॉल्व्ह (विजेचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) असलेल्या या यंत्राची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती. नळीतून सतत फिरत राहणारे ध्वनिस्पंद म्हणजेच साठवलेले आकडे. ६ मे १९४९ रोजी त्याने वर्गांचे कोष्टक छापून दिले. यंत्र वेगवान करण्यापेक्षा ते लवकर लोकांच्या हाती देणे विल्क्स यांना महत्त्वाचे वाटले, आणि त्यांचा हा निर्णय किती योग्य होता हे पुढच्या दहा वर्षांत दिसले.

गणिते करून घ्यायला विद्यापीठभरातून माणसे येत. प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम कागदी फितीवर छिद्रे पाडून आणायचा आणि फीत चिमट्याने तारेवर अडकवायची. ऑपरेटर एकेक फीत उतरवून यंत्राला देई. परवानगी मिळालेल्यांना रात्री यंत्र स्वतः चालवता येई. वर्गमूळ, साइन यांसारखी नेहमीची कामे जो तो नव्याने लिहीत बसू नये म्हणून तयार उपप्रोग्रॅमच्या फितींचा संग्रह प्रयोगशाळेत ठेवला होता. डेव्हिड व्हीलर यांनी घडवलेली ही पद्धत, प्रस्तुत लेखकाच्या मते, एडसॅकपेक्षाही मोठी देणगी आहे: आजचा प्रत्येक प्रोग्रॅमर दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीच्या आधारावरच उभा असतो. मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना उलगडण्यासाठी जॉन केंड्रू यांनी एडसॅक आणि नंतर एडसॅक-२ यांवर आकडेमोड केली. त्यांना १९६२ चे नोबेल मिळाले.

१९५३ मध्ये येथे संगणनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. साठीच्या दशकातील ‘टायटन’ या संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा एकाच्या फाइली दुसऱ्यापासून राखायचा प्रश्न आला. रॉजर नीडहॅम यांनी पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता उलट फिरवता न येणाऱ्या रूपात साठवण्याची युक्ती काढली. आजही पासवर्ड याच तत्त्वावर साठवले जातात.

कॉफीच्या भांड्याची गोष्टही येथलीच. एकच भांडे, पिणारे मात्र इमारतभर विखुरलेले. जिने उतरून यावे तर ते रिकामे. म्हणून १९९१ मध्ये त्याच्यासमोर कॅमेरा लावला गेला आणि १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले. प्रयोगशाळा शहराच्या पश्चिमेकडील विल्यम गेट्स इमारतीत हलली तेव्हा, २२ ऑगस्ट २००१ रोजी, हा कॅमेरा बंद करण्यात आला.