घाटात ब्रेकचं पेडल तळाला का जातं?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे सव्वा किलोमीटर खाली येते. गाडी १२०० किलोची धरली, तर या उतारात जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढीत ४०-४५ लिटर पाणी उकळीला येईल. खालच्या गियरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर डिस्क आणि पॅड तापतात आणि ती धग कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

हे नावालाच ऑइल. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल इथर जातीचं रसायन असतं आणि पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतला ओलावा ओढत राहतं, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. मानकानुसार नवं डॉट ४ ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर.

द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र फुग्यासारखी दबते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. मग ऑइल निवलं की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पेडल पहिल्यासारखं कडक लागतं आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. मला या बिघाडाची सगळ्यात जास्त भीती वाटते ती यामुळेच.

मुरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा रंगावर विसंबू नका. गाडी उभी असली तरी ओलावा मुरतच असतो. साधारण २ वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेव्हा, ऑइल पूर्ण बदलून घ्या. वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. लेव्हल तर पॅड झिजले तरी उतरते.

बदलताना एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी. "दाब, धरून ठेव!" निपल, म्हणजे चाकापाशी ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल होतो, पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल बुडबुड्यांसकट येतं. निपल आवळला की मगच "सोड". पाय आधी सुटला तर हवा आत ओढली जाते. वरची टाकीही मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. गाडीच्या रंगावर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग फुगून सुटतो. आणि मागच्या वेळची उघडी बाटली वापरू देऊ नका; तीही इतके दिवस हवेतला ओलावा पीतच असते.