भारव्यायामाची आखणी

ठरावीक उद्दिष्टासाठी स्नायूंवर किती भार घालायचा, तो किती वेळा उचलायचा, मध्ये किती विसावा घ्यायचा आणि भार कसा वाढवत न्यायचा, याची आधी केलेली मांडणी. भार लोखंडी वजनांचा, रबरी पट्ट्यांचा किंवा स्वतःच्या शरीराचाही असतो. ‘रेप’ (भार एकदा उचलून खाली आणणे) आणि ‘सेट’ (न थांबता सलग केलेल्या रेपचा गट) हे व्यायामशाळेतले शब्द येथे तसेच ठेवले आहेत.

‘भार थोडा थोडा वाढवावा’ या तत्त्वाचे मूळ क्रोटोनचा मल्ल मायलो (इ.स.पू. सहावे शतक) याच्याकडे नेण्याची प्रथा आहे. वासरू रोज उचलता उचलता त्याचा बैल झाला, तरी मायलो उचलतच राहिला, अशी ही कथा. परंतु वासराचा धागा रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन (इ.स. पहिले शतक) याच्याकडे, म्हणजे सुमारे सहा शतकांनी आढळतो, तोही मुलांच्या भाषाभ्यासातील एका उदाहरणवाक्यापुरता. ग्रीक लेखक अथेनीअस याच्या कथेत मायलो चार वर्षांचा बैल खांद्यावर घेऊन ऑलिंपियात फिरतो आणि एका दिवसात एकटा खाऊन टाकतो; तेथे सरावाचा विषयच नाही. म्हणून या कथेला प्रशिक्षणाचा पुरावा न मानता दृष्टांत मानणे अधिक सयुक्तिक. त्या मानाने गेलेन (इ.स. दुसरे शतक) या वैद्याने बळाचे, वेगाचे आणि दोन्ही एकत्र असलेले व्यायाम असा केलेला भेद आजच्या आखणीला जवळचा वाटतो.

भारतीय साधनांपैकी चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (सु. ११३१) ग्रंथात मल्लांच्या मेहनतीत भारश्रम (भार घेऊन केलेली मेहनत) व स्तंभश्रम (खांबावरची मेहनत) येतात. ज्येष्ठीमल्ल या मल्लांच्या समाजाच्या ‘मल्लपुराणा’चा काळ तेरावे ते सतरावे शतक असा सैलच धरावा लागतो. त्यात गुरुगोणितक व लघुगोणितक असे व्यायामाचे दोन प्रकार आहेत. जड-हलका हा भेद त्यावरून दिसतो. उद्दिष्टनिहाय आखणी होती, असे म्हणणे मात्र ओढूनताणून होईल.

आधुनिक आखणीची सुरुवात रुग्णालयात झाली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करताना शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जड वजने वापरली आणि १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते स्वतः वजने उचलणारे होते. आधी ते प्रत्येकी दहा रेपचे सात ते दहा सेट देत. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते तीनवर आणले. दहा वेळा जेमतेम उचलता येणारा भार ४० किलो असेल, तर पहिला सेट २० किलोचा, दुसरा ३० चा, तिसरा ४० चा. ऑक्सफर्डच्या झिनोव्हिएफ यांनी १९५१ मध्ये हाच क्रम उलटवला; थकत जाणाऱ्या स्नायूला उतरता भार द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. चढता क्रम आपोआप शरीर तापवतो, म्हणून व्यवहारात तोच सोयीचा. ताकद आणि स्नायूंचा आकार यांसाठी वेगळी आखणी हवी, हे मॅक्वीन यांनी १९५४ मध्ये मांडले.

प्रचलित कोष्टकांत भार ‘एकदाच उचलता येणाऱ्या कमाल वजना’च्या टक्क्यांत देतात. कमाल वजन प्रत्यक्ष न उचलता एप्ली यांच्या सूत्राने अंदाजता येते : उचललेला भार गुणिले (१ + रेप ÷ ३०). ६० किलो पाच वेळा उचलले, तर कमाल सुमारे ७० किलो. रेप दहाच्या पुढे गेले, की हा अंदाज ढिला पडतो. सरावलेल्यांनी ताकदीसाठी कमालच्या ८० टक्क्यांवर, सहापर्यंत रेप आणि दोन-तीन मिनिटांचा विसावा. आकारासाठी ७० ते ८५ टक्के, आठ ते बारा रेप. चिवटपणासाठी ४० ते ६० टक्के आणि पंधराच्या वर रेप, ही ढोबळ विभागणी. तिच्यातला मधला कप्पा आता तितका पक्का राहिलेला नाही. ब्रॅड शोनफेल्ड व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या विश्लेषणात, स्नायू पुरता थकेपर्यंत सेट नेला तर हलक्या भारानेही आकार जवळपास तेवढाच वाढतो, असे दिसले. ताकद मात्र जड भारानेच जास्त वाढली. सर्वसाधारण आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायुगटांचा व्यायाम सुचवते.

तालमीतील जोर-बैठकांत भार म्हणजे स्वतःचेच वजन, त्यामुळे वाढ आकड्यात होते. शेकड्यांत गेलेल्या बैठका वरच्या विभागणीत चिवटपणाच्या कप्प्यात बसतात. जड भाराचे काम तेथे जोडीदाराचा विरोध, करेल (जड मुद्गल) आणि नाल (उचलायचे दगडी वजन) यांच्यावर असते. बारच्या दोन्ही टोकांना सव्वा किलोची चकती लावून भार अडीच किलोंनी वाढवता येतो. दगडी नालेत ती सोय नाही. पुढचा दगड एकदम जड असतो, आणि तोवर मल्ल जुन्याच दगडाचे रेप वाढवत राहतो.