एक रुपया दंड आणि घरातच राहिलेली पोरं

कोल्हापुरात शाळेचा विषय निघाला की शाहू महाराजांपासनंच सुरुवात करावी लागते, त्यामुळं मीपण तिथनंच करते. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेला धाडलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. पण ज्या लेकराला मान धरता येत नाही, घास गिळायला अर्धा तास लागतो, रात्रीतनं दोनदा आकडी येते, त्याचं काय? ते घरीच असायचं. अशा तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी राहून शिकायचा पर्याय हक्क म्हणून कायद्यात आला २०१२ मध्ये, शिक्षण हक्क कायद्याची दुरुस्ती झाली तेव्हा. मोजा, ९५ वर्षं.

या मधल्या काळात पेठेतल्या वाड्यात नायतर गावाकडच्या सोप्यात हे पोरगं सगळ्यांच्यात वाढायचं. आजी भरवायची, चुलती अंघोळीला हात लावायची, आई धार काढायला गेली तर कुणीतरी बघायला असायचं. लगेच 'जुनं ते सोनं' म्हणू नका हां, पाहुणे आले की त्याच पोराला आतल्या खोलीत ठेवायचे आणि तुझ्याच पोटी असं का म्हणून आईला ऐकवायचेही हेच लोक. पण उचलायला हात चार होते हे खरं. मग शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट लागल्या, वाटण्या झाल्या, वाडे पाडून फ्लॅट आले, आणि चार हाताचे दोन झाले, त्यातला एक जण सेकंड शिफ्टला.

संस्था उशिरा आल्या. मुंबईत जय वकील शाळा १९४४ ची, पुण्यातली कामायनी १९६४ ची, सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणाऱ्या मुलांसाठी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी १९७२ ला. आपल्याकडं नसीमा हुरजूक यांनी, ज्या स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षापासनं व्हीलचेअरवर, १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ दी हँडीकॅप्ड उभी केली, मतिमंद मुलांसाठी चेतना ही शाळा आली, आणि लोक अशा पोरांबद्दल उघड बोलायला लागले ते बऱ्याच अंशी या माणसांमुळं. तरीपण शाळा कुठलीही असो, संध्याकाळी सुटतेच, आणि ज्याला गाडीत बसवताच येत नाही त्याच्यासाठी सकाळ काय आणि संध्याकाळ काय.

कायदे मात्र धडाधड आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सात, २०१६ च्या कायद्यात एकवीस. मधे १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, त्यातनंच निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आला. शब्दपण बदलले, २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला, आता सगळ्या फॉर्मवर तोच असतो. माझ्या ओळखीच्या एक वैनी म्हणतात, नाव काय पण ठेवा, लंगोट बदलायला कोण येतंय ते सांगा.

खरी गोम इथंच आहे असं मला वाटतं. हे सगळं लिहिलंय पोराकडं बघून, त्याची टक्केवारी, त्याचं सर्टिफिकेट, त्याचं कार्ड. सांभाळणारी त्यात जवळजवळ नाहीच. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ वाचलं तर जास्त आधार लागणाऱ्यांसाठी 'काळजीवाहक भत्ता' हे शब्द चक्क सापडतात, पण कलमाच्या सुरुवातीलाच सरकारनं हे आपल्या आर्थिक कुवतीत बसेल तसं करावं असंही म्हटलंय, झालं मग. केरळात आश्वासकिरणम् नावाच्या योजनेत सांभाळणाऱ्याला महिना सहाशे रुपये ठरवलेत, रक्कम किरकोळ आहे पण निदान कागदावर ती बाई दिसते तरी. आपल्याकडं संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात, २०२३ मध्ये ते हजाराचे दीड हजार झाले, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार, पण ते पोराच्या नावानं, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची अट आहेच. पगारी रजेची सोय सरकारी नोकरीतल्यांना. सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये हिमाचलच्या एका प्राध्यापिकेच्या केसमध्ये सांगितलं की अपंग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारता येत नाही, चांगलंच झालं, पण शिवणकाम सोडून घरी बसलेल्या बाईनं रजा मागायची कुणाकडं? अशा आईला चार दिवस सुट्टी मिळावी म्हणून पोराला तेवढ्यापुरतं सांभाळायची सोय असते, त्याला आपल्या भाषेत धड शब्दपण नाही.

आणि पोरगं वाढतंच की. पाच वर्षाचं कडेवर बसतं, पंधरा वर्षाचं चाळीस किलोचं होतं, तेव्हा आईची कंबर गेलेली असते. २०१९ च्या महापुरात पंचगंगा इशारा पातळी, धोका पातळी सगळं ओलांडून घरात शिरली तेव्हा अशा घरांना काय काय करावं लागलं असेल, बिछान्यासकट उचलायचं, औषधं, पातळ खाणं, डायपर.

अठरा पूर्ण झाली की अजून एक. कायद्यानं पोरगं सज्ञान, त्यामुळं आईबापालासुद्धा पालक म्हणून रीतसर नेमून घ्यावं लागतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करून. वैनींनी तो अर्ज केला, कागद मिळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. त्यांचं वय आता एकसष्ट. त्यांच्यामागं कुणाचं नाव लावायचं यावर दिवाळीला सगळे भाऊबंद जमले होते तेव्हा विषय निघाला, आणि कुणीतरी चहा मागितला.