सुट्टीचे सामान 15 किलोंवर कसे आले

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ‘मोजकेच सामान घ्या’ हा सल्ला चहूकडून मिळू लागतो. सल्ला चांगलाच आहे. मात्र आपल्याकडचे सामान हलके झाले त्यात अशा सल्ल्यांचा वाटा थोडा. रेल्वेच्या बर्थवर गादी आली, बॅगेला चाके लागली, आणि गेल्या बारा-तेरा वर्षांत विमानतळावरच्या वजनकाट्याने उरलेले काम केले. त्या काट्यावरच्या 15 किलोंच्या आकड्यामागे 5 किलोंचा एक लांबलेला वाद आहे, आणि आजचे बहुतेक नियम त्या वादातून गेल्यावरच समजतात.

त्याआधीचे थोडक्यात. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि फराळाचे डबे हा लवाजमा कोणी हौसेने नेत नसे. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे लाकडी फळी. धर्मशाळेत मिळे ती नुसती खोली. तेव्हा सतरंजी, चादर, उशी गुंडाळून पट्ट्यांनी आवळलेली वळकटी बरोबर लागायचीच, आणि चौघांचे कुटुंब असेल तर हमालही ठरलेला. 1977 ते 1979 या काळात कोकणातून निवडून गेलेल्या रेल्वेमंत्र्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंचांची फोमची गादी बसवायला सुरुवात केली. त्या निर्णयाची आठवण सामान्य प्रवाशाला मिळालेला मान म्हणून काढली जाते, आणि ते योग्यच आहे. पण घराघरातली वळकटी माळ्यावर जाण्यातही या दोन इंचांचा मोठा हात होता, हे सहसा सांगितले जात नाही.

त्याच दशकात नाशिक-जळगावकडच्या कारखान्यांतून साच्यातल्या प्लॅस्टिकच्या सुटकेस बाहेर पडू लागल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेची सद्दी संपत गेली. चाकांच्या सुटकेसचे पेटंट अमेरिकेत 1972 मध्ये मिळाले. तिला आडवे ठेवून पट्ट्याने ओढावे लागे. उभी, लांब दांड्याची बॅग 1987 मध्ये तिथल्याच एका वैमानिकाने तयार केली. आपल्याकडे ती रुळायला पुढे बराच काळ गेला. चाकांनी खांद्यावरचा भार उतरवला खरा, पण वजन कमी केले नाही. उलट हाताला ओझे जाणवेनासे झाल्यावर बॅगेत आणखी दोन ड्रेस आणि एक जास्तीचा डबा सहज मावू लागला. मराठी पर्यटकांना गटाने नेणाऱ्या मुंबईतल्या सहल कंपन्यांनी जेवणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली तेव्हा कुठे खाण्याच्या पिशव्या थोड्या आटल्या.

आता मूळ मुद्दा. देशांतर्गत विमान प्रवासात इकॉनॉमीच्या प्रवाशाला 20 किलो चेक-इन सामान (काउंटरवर सोपवून विमानाच्या पोटात जाणारे) फुकट, ही अनेक वर्षे सर्वसाधारण पद्धत होती. 2013 मध्ये नियामकाने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, कंपन्यांना तिकिटापासून काही सेवा वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र पैसे घेण्याची मुभा दिली. पसंतीची जागा, खाणे-पिणे यांच्याबरोबर त्यात चेक-इन सामानही होते. पाठोपाठ खासगी कंपन्यांनी फुकट सामानाची मर्यादा 15 किलोंवर आणली. 

5 किलो कागदावर फार वाटत नाहीत. पण मध्यम आकाराची ट्रॉली बॅग रिकामीच तीन-चार किलोंची भरते. 20 मधून ती वजा केली तर हातात 16-17 किलो राहत होते. 15 मधून वजा केल्यावर 11-12 उरले. डिसेंबरात मनाली किंवा काश्मीरला निघालेल्या माणसाचे जाड जाकीट, लोकरीचे कपडे आणि बूट एवढ्यातच यातला मोठा भाग जातो. मर्यादा ओलांडली की काउंटरवर किलोमागे 300 रुपयांपर्यंत आकारणी होऊ लागली, म्हणजे जे 5 किलो काल फुकट होते त्यांचे आज 1500 रुपये. बॅग काट्यावर ठेवल्यावर, मागे रांग खोळंबलेली असताना प्रवाशाला ही रक्कम कळे. कोणी तिथेच बॅग उघडून स्वेटर अंगावर चढवी, कोणी मुलांच्या सॅकमध्ये चपला कोंबी.

तक्रारी वाढल्यावर जून 2016 मध्ये नियामकाने आदेश काढला: 15 ते 20 किलोंमधल्या जादा सामानाला किलोमागे 100 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. 20च्या वर दर ठरवायला कंपन्या मोकळ्या. सरकारी कंपनी एअर इंडिया त्या वेळी 23 किलो फुकट नेऊ देत होती, त्यामुळे आदेशाचा फटका खासगी कंपन्यांनाच होता आणि त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. वजन वाढले की इंधन वाढते, एकाच्या जड बॅगेचा खर्च दुसऱ्याच्या तिकिटावर का टाकायचा, आणि मूळ भाडे कमी ठेवायचे तर पूरक सेवांतून पैसे यायला हवेत, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्ट 2017 मध्ये न्यायालयाने 100 रुपयांची ती मर्यादा रद्द ठरवली.

हा निकाल बाजारस्वातंत्र्याच्या बाजूने लागला आणि त्याला कायद्याचा आधार होता. तरीही नियामकाचा आदेश साधा आणि समतोल होता, असेच म्हणावे लागते. त्याने फुकट काही मागितले नव्हते. नुकत्याच काढून घेतलेल्या सोयीची किंमत आवाक्यात ठेवा, एवढेच त्यात होते. 500 आणि 1500 रुपयांमधला फरक वारंवार उडणाऱ्याला जाणवत नसेल, पण वर्षातून एकदा आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्याला तो नक्की जाणवतो. जादा वजन आगाऊ घेतले तर स्वस्त आणि काउंटरवर महाग, ही रचना निकालानंतर अधिकच पक्की झाली. ज्याला वेबसाइटवरचे बारकावे ठाऊक आहेत त्याचे पैसे त्यात वाचतात. घरातल्या ज्येष्ठांचे वाचत नाहीत.

पुढची पावले भराभर पडली. 25 मे 2020 रोजी टाळेबंदीनंतर देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली तेव्हा माणशी चेक-इनचा एकच नग ही अट होती. फेब्रुवारी 2021 मध्ये चेक-इन सामान न नेणाऱ्याला कमी दराने तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. हलके निघण्याची रीतसर कदर करणारा हा निर्णय स्वागतार्ह होता. क्रम मात्र उलटा झाला. आधी सवलत आणि मग आकारणी असे झाले असते तर लोकांनी स्वखुशीने सामान आवरले असते. सरकारी कंपनी जानेवारी 2022 मध्ये खासगी मालकीकडे गेली आणि मे 2024 मध्ये तिच्याही सर्वांत स्वस्त तिकिटांवर 15 किलोच राहिले. तो पर्याय तिथे संपला.

चेक-इनमधले वजन साहजिकच हातातल्या बॅगेत शिरले. वरचे कप्पे भरू लागले, सुरक्षा तपासणीच्या रांगा लांबल्या, आणि जानेवारी 2022 मध्ये सुरक्षा यंत्रणेने ‘माणशी एकच हँडबॅग’ या नियमाची आठवण करून दिली. नियम नवा नव्हता. 2000 सालच्या परिपत्रकातच तो आहे. त्यातल्या सवलतींची यादी वाचण्यासारखी आहे: महिलांची पर्स, ओव्हरकोट, घोंगडी किंवा ब्लँकेट, कॅमेरा किंवा दुर्बीण, वाचायचे साहित्य, छत्री किंवा काठी, तान्ह्या बाळाचे खाणे आणि त्याची टोपली. या वस्तू एका बॅगेच्या हिशेबात धरायच्या नाहीत. लहान मूल किंवा म्हातारे माणूस बरोबर असलेल्यांनी ही यादी जरूर लक्षात ठेवावी. 2024 च्या अखेरीस हाच नियम पुन्हा बातम्यांत आला. इकॉनॉमीसाठी 7 किलो आणि साधारण 55 × 40 × 20 सेंटिमीटर, हे आकडे तेव्हापासून सर्वांच्या तोंडी आहेत. मार्च 2022 मध्ये बंदी घातलेल्या वस्तूंत सुके खोबरेही आले, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते. गावाहून खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघणाऱ्यांना हे आजही काउंटरवरच कळते.

रेल्वेची मर्यादा त्या मानाने उदार आहे: एसी प्रथम वर्गाला 70 किलो, एसी टू-टियरला 50, थ्री-टियर आणि स्लीपरला 40, दुसऱ्या वर्गाला 35. ती इतक्या सैलपणे पाळली जाते की अनेकांना ती आहे हेच माहीत नसते. म्हणूनच ऑगस्ट 2025 मध्ये स्थानकांवर सामान तोलणार अशी बातमी येताच एकच गदारोळ उठला. नियम जुनाच आहे, नवे काही नाही, असा खुलासा रेल्वेमंत्र्यांना करावा लागला.