ठिपके गेले, रोग तिथेच

फिशटँक ठेवणाऱ्या बहुतेकांची 'इक' या माशांच्या रोगाशी कधी ना कधी गाठ पडतेच. माशाच्या परांवर, शेपटीवर आणि मग अंगभर मीठ भुरभुरवल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा खड्यांवर, नाहीतर हिटरच्या नळीवर अंग घासतो, पर मिटून घेतो, खाणं टाकतो. दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो. चार थेंब पडतात, दोन-तीन दिवसांत ठिपके जातात आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आठवडा उलटत नाही तोच ठिपके परत येतात, आणि या खेपेला कितीतरी जास्त. मग 'औषधच नकली होतं' किंवा 'मासेच खराब दिले' असं म्हणून मोकळं होता येतं. पण पहिल्या वेळी ठिपके गेले त्यात औषधाचा वाटा जवळपास नव्हताच. त्यांची जायची वेळ झाली होती, म्हणून ते गेले.

या रोगामागचा जीव एकपेशीय आहे. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हे त्याचं लांबलचक नाव, 1876 साली फ्रान्समध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हापासूनचं. आपल्याला दिसणारा ठिपका माशाच्या अंगाला बाहेरून चिकटलेला नसतो. परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून बसलेला असतो आणि त्याच्याभोवती माशाच्याच पेशींचा फुगवटा धरलेला असतो. आतल्या आत माशाच्या पेशी आणि द्रव खाऊन तो वाढत जातो, अगदी 1 मिलीमीटरपर्यंत. आजारी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हलक्या हाताने खरवडून काचपट्टीवर घेतला, तर शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपमधूनही तो दिसतो. गोल, करड्या रंगाचा, पोटात नालेच्या आकाराचं केंद्रक आणि अंगभर बारीक केसासारखे तंतू. त्या तंतूंच्या जोरावर तो जागच्या जागी सावकाश गरगरत असतो. हे एकदा पाहिलं की निदानाबद्दल शंका उरत नाही.

पोट भरलं की तो त्वचा फोडून बाहेर पडतो. काही तास पाण्यात भटकतो, मग तळाच्या खड्यांवर, पानांवर किंवा काचेवर बसतो आणि स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो. कवचात एकाचे दोन, दोनाचे चार असं विभाजन सुरू होतं. सजावटीच्या माशांना मानवणाऱ्या कोमट पाण्यात साधारण एका दिवसात त्यातून शेकडो, कधी हजाराच्या घरात पिल्लं बाहेर पडतात. मिलीमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढं एकेक पिल्लू पोहत मासा शोधतं. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं, कारण माशाशिवाय जगायची दुसरी सोय त्याच्याकडे नाही.

सगळे उपचार या फेऱ्यावर बेतावे लागतात. त्वचेखाली बसलेल्या परजीवीपर्यंत पाण्यातलं औषध पोचत नाही, कवचातल्यापर्यंतही नाही. मारता येतात ती फक्त मोकळी पोहणारी पिल्लं, फार तर कवच धरायच्या आधीचे भटके. म्हणजे माशाच्या अंगावरचे ठिपके जातात तेव्हा परजीवी तळाशी जाऊन वाढायच्या तयारीत असतो. नेमकं तेव्हाच आपण औषध थांबवतो.

आकडा मांडून पाहावा. माशावर दहा ठिपके आहेत आणि प्रत्येकातून पाचशे पिल्लं निघाली, तर चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीत पाच हजार पिल्लं झाली. नदीत किंवा तळ्यात एवढ्या पाण्यातून त्यातल्या फार थोड्यांना मासा भेटतो. काचेच्या चार भिंतींत माशाला पळायला जागा नसते, त्यामुळे तिथे रोगाचा भडका उडतो.

फेरा किती दिवसांचा हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. 25 अंश सेल्सिअसच्या आसपास तो चार ते सहा दिवसांत पुरा होतो, 10 अंशांखाली कित्येक आठवडे रेंगाळतो. पुण्या-नाशिककडे डिसेंबरात रात्रीचा पारा उतरतो, टाकीत हिटर नसतो आणि त्याच सुमारास इक उफाळतो, याचं कारणही तापमानच. थंडीने उष्ण प्रदेशातल्या माशांची प्रतिकारशक्ती घसरते, पण विशीतल्या पाण्यात परजीवीचं छान चालतं.

औषधाला हात घालण्याआधी निदान नक्की करावं. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काठावर बारीक पांढरे दाणे येतात. तो रोग नाही, वयात आल्याची खूण आहे. बिचाऱ्या कित्येक नरांना त्यापायी औषधाचं पाणी प्यावं लागलं असेल! सोनेरी भुकटी उडवल्यासारखी झाक दिसत असेल तर ते 'व्हेलव्हेट', वेगळाच परजीवी. उलट, अंगावर एकही ठिपका नसताना मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर इक आधी कल्ल्यांत शिरलेला असू शकतो, आणि तो प्रकार जास्त घातक.

एका माशावर ठिपके दिसले की फक्त त्यालाच बाहेर काढून उपयोग नाही. टाकीतले सगळेच मासे धरून उपचार करायचे. सायफनच्या नळीने तळाचे खडे ढवळून गाळ काढला की कवचं धरलेले बरेच परजीवी त्याबरोबर बाहेर जातात. हे रोज किंवा दिवसाआड करावं. फुकटचा उपाय आहे, म्हणूनच बहुधा कुणी मनावर घेत नाही. फिल्टरमधला सक्रिय कोळसा काढून ठेवायचा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

साध्या, मजबूत माशांसाठी माझी पहिली पसंती मिठाला आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा बरेच खारट असतात. त्यामुळे पाणी सतत आत झिरपतं आणि मासा ते बाहेर टाकत राहतो. परजीवीने त्वचेला भोकं पाडली की क्षारही निसटू लागतात. पाणी थोडं खारट केलं तर माशावरचा हा ताण हलका होतो आणि मोकळ्या पिल्लांना ते खारटपण सोसत नाही. प्रमाण लिटरमागे 2 ग्रॅम, फार तर 3. ते अंदाजपंचे टाकू नये. पाण्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि हजाराने भागायचं. 60 गुणिले 30 गुणिले 25 म्हणजे 45 लिटर. खडे-दगडांचे पाचेक लिटर वजा केले की 40 लिटर आणि मीठ 80 ग्रॅम. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांत घालायचं. मीठ वाफ होऊन उडत नाही. म्हणून 10 लिटर पाणी बदललं तर 20 ग्रॅमच परत घालायचं, पुन्हा 80 नाही. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात असं ठामपणे सांगितलं जातं. 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) आयोडीनचं मीठ या प्रमाणात घातलं तर लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम आयोडीन होतं, समुद्राच्या पाण्यात असतं त्याच्या निम्मंच. खडे मीठ मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर अडायचं कारण नाही.

लोच, कोरीडोरस यांसारख्या नाजूक माशांना आणि बिनखवल्यांच्या माशांना मात्र मीठ कमी आणि हळू. क्लाऊन लोचला इक पटकन होतो आणि औषधंही सोसत नाहीत. काही पाणवनस्पतीही खाऱ्या पाण्यात झडतात.

दुसरं हत्यार उष्णता. पाणी 30 अंशांपर्यंत नेलं तर परजीवीचा फेरा लवकर उरकतो, म्हणजे तो औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. शिवाय त्याच्या बहुतेक वाणांना या तापमानाला नीट वाढता येत नाही. दिवसाला दोनेक अंशांनीच चढवायचं. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, त्याच्यासाठी हा उपाय नको. आणखी एक अडचण ऑक्सिजनची. 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.6. कल्ले आधीच जखमी असलेल्या माशाला हा फरक जाणवतो, म्हणून एअर पंप चोवीस तास चालू हवा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवावा. मुंबईत किंवा विदर्भात एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी आपोआपच तिशीला टेकतं, तेव्हा हिटरपेक्षा पंपाची काळजी करावी.

तरीही आटोक्यात आलं नाही तर औषध. इकवर चांगला चालतो तो मॅलेकाइट ग्रीन, बऱ्याचदा फॉर्मेलिनबरोबर. तो विषारी आहे, खाण्याच्या माशांसाठी भारतासह अनेक देशांत त्यावर बंदी आहे. हातमोजे घालून, बाटलीवरच्या प्रमाणातच वापरायचा. टेट्रा आणि बिनखवल्यांच्या माशांना निम्मा. तापमान वाढवलेलं असेल तर त्याचा विषारीपणाही वाढतो, म्हणून दोन्ही जोरात एकदम नको. दुकानातलं निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. ते मुख्य टाकीत ओतू नये असं माझं मत आहे. फिल्टरमध्ये अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू त्याने मरतात आणि रोगातून वाचलेले मासे अमोनियाने जातात. तांब्याची औषधं परजीवीला मारतात, पण कोळंब्या आणि गोगलगायींनाही सोडत नाहीत.

काहीही वापरलं तरी शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे निदान आठवडाभर उपचार चालू ठेवायचा. कोमट पाण्यात एकूण दोन आठवडे धरून चालावं.

'इक प्रत्येक टाकीत कायम असतोच, मासा अशक्त झाला की डोकं वर काढतो' हे फिशटँकवाल्यांचं आवडतं वाक्य. अनेक वर्षं निपचित पडून राहील अशी अवस्था या जीवाला नाही. माशाविना कोमट टाकी दोन आठवडे चालवली तर तो संपतो. भ्रम होतो तो वेगळ्या कारणाने. रोगातून वाचलेल्या माशांत प्रतिकारशक्ती तयार होते. त्यांच्या त्वचेवरच्या थरात प्रतिपिंडं असतात आणि परजीवीच्या तंतूंवरच्या प्रथिनांना ती चिकटली की तो गाशा गुंडाळून बाहेर पडतो. अशा माशांच्या कल्ल्यांत थोडेफार परजीवी ठिपक्याविना तग धरून राहतात. मग आपण दुकानातून नवा, कधीच रोग न झालेला मासा आणून सोडतो आणि पहिला बळी त्याचा जातो. बोल मात्र दुकानदाराला लागतो. अर्थात दुकानातल्या माशाबरोबरच रोग घरात येणं, हेही तितकंच घडतं.

म्हणून नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवावेत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये, कारण त्यातून मोकळी पिल्लं येऊ शकतात. दुसऱ्याच्या टाकीतली वनस्पती किंवा दगड कवचं घेऊन येतात, तेही बिनमाशाच्या बादलीत आठवडा-दोन आठवडे ठेवून मगच वापरावेत. टबाची जाळी वेगळी ठेवणं जमत नसेल तर दर वेळी उन्हात कडकडीत वाळवावी. कोरड्यात हा परजीवी तगत नाही.