ई-पेपर आणि पेपरची वेबसाइट: नाव एकच, वस्तू दोन

पारोळ्याच्या आमच्या जिभाऊंनी शेतजमिनीचा सौदा केला, तेव्हाची गोष्ट. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली होती आणि तो अंक जपून ठेवायला सांगितलं होतं. अंक मात्र रद्दीत गेला. जिभाऊंचा मला फोन आला, "भो, आते पेपर मोबाईलमाच येस ना, तू काढी दे."

मी त्या पेपरच्या वेबसाइटवर तासभर शोधत बसलो. गावाचं नाव टाकलं, गट नंबर टाकला, वकिलांचं नाव टाकलं, काहीच सापडेना. मग त्याच पेपरचा ई-पेपर उघडला आणि नोटिशीची तारीख निवडली. सातव्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात चौकटीत ती नोटीस होती. वकिलांना छापील अंकच हवा होता, पण तारीख, आवृत्ती आणि पान कळल्यामुळे जळगावच्या कार्यालयातून तो लगेच मिळाला.

दोन्हीकडे नाव एकच, बोधचिन्ह एकच. आपण दोन्हींना सरसकट 'ऑनलाइन पेपर' म्हणतो. हा घोळ एकट्या जिभाऊंचा नाही. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत राज्यात बरेच दिवस पेपरांची छपाई आणि घरोघरचं वाटप थांबलं होतं. तेव्हा अख्ख्या अंकाच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या आणि मोबाइलवर दिसतो तो पेपर, असं अनेकांच्या मनात पक्कं बसलं.

ई-पेपर म्हणजे छापील पेपरच, फक्त कागद नसलेला. रात्री पान संगणकावर लावलं जातं. बातम्या, फोटो, जाहिराती बसवून झाल्या की त्याची पीडीएफ निघते. तिच्यावरून छपाईची प्लेट तयार होते आणि तीच पीडीएफ ई-पेपरवर चढते. म्हणून कागदावर जे आहे ते सगळं तिथे असतं: जाहीर नोटिसा, टेंडर, नाव बदलल्याच्या जाहिराती, निधनवार्ता, गंधमुक्ती आणि उत्तरकार्य अशा मृत्यूनंतरच्या विधींच्या चौकटी. आमच्या भागात कित्येक ज्येष्ठ पेपर हातात घेतला की आधी या चौकटी बघतात. कोणाच्या घरी जायचं राहून गेलं, तर ते आयुष्यभर मनाला लागून राहतं.

वेबसाइटचं तसं नाही. तिथे पान हा प्रकारच नसतो. एकेक बातमी सुटी चढते आणि ती कोणती चढवायची हे बहुतेक ठिकाणी वेगळं डेस्क ठरवतं. लोक काय शोधताहेत, कशावर जास्त क्लिक होताहेत, हे त्या डेस्कसमोर सतत दिसत असतं. सोन्याचा भाव चढतो, अपघात चढतो, पुढाऱ्याचं वक्तव्य तर चढतंच. पारोळा तालुक्यातल्या एका गटाची नोटीस तिथे कोण चढवणार? जिल्ह्याच्या पानावरची चार ओळींची बातमीही बहुतेक वेळा तिकडे पोहोचत नाही. मला हे फार खटकतं, कारण तालुक्याचं आयुष्य त्या चार ओळींत असतं.

शोधण्याच्या बाबतीत मात्र वेबसाइट सरस ठरते. तिथला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलला सारखाच कळणाऱ्या अक्षरांत असतो, म्हणून शब्द टाकला की बातमी समोर येते. पेपरांची पानं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लागत आली. अशा पानावरचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात. शिवाय ई-पेपरवर पान बहुधा चित्र म्हणूनच दिसतं. त्यामुळे तारीख माहीत नसेल, तर ई-पेपरात एकेक दिवस उलटत बसावं लागतं.

आता वेळेचं पाहू. पावसाळ्यात पूर्णा आणि तापीला वरून पाणी आलं की भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. एकूण ४१ दरवाजे आहेत. समजा, रात्री पान लागलं तेव्हा दहा उघडे होते आणि पहाटे सगळे उघडले. सकाळच्या ई-पेपरात दहाच दिसणार, कारण छपाईला गेलेलं पान गोठलेलं असतं. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांत तापीकाठी ज्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी आहेत, त्यांनी अशा दिवशी ई-पेपरवर विसंबणं धोक्याचं आहे. वेबसाइट तासातासाला बदलते, तिथे धरणातून आता किती पाणी सोडलंय, हा ताजा विसर्ग कळतो. केळीच्या भावाचंही तेच. रावेरचा किंवा बऱ्हाणपूरचा आजचा भाव आजच हवा असतो, उद्याच्या पानावर तो शिळा होतो.

पण हे बदलणंच दुसऱ्या बाजूने अंगावर येतं. धुळे-जळगाव महामार्गावर, म्हणजे जुन्या सहा आणि आताच्या त्रेपन्न क्रमांकाच्या रस्त्यावर, एकदा रात्री अपघात झाला. एका वेबसाइटने मयतांच्या गावाचं नाव चुकवलं. वडगाव, पिंपळगाव ही नावं आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतात. तालुका चुकला आणि आमच्या गावात हाहाकार उडाला. माझी काकू अर्धी रात्र सुरतेला निघालेल्या मुलाला फोन लावत होती, तो लागत नव्हता. तासाभराने बातमीतलं नाव बदललेलं दिसलं. आधी चूक होती याची एक ओळसुद्धा तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी काकू मला ती पहिली बातमी दाखवायला सांगत होती आणि ती कुठेच उरली नव्हती. छापील पानावर अशी चूक झाली असती, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला असता आणि ई-पेपरात दोन्ही तारखांची पानं दिसली असती. काही वेबसाइट बातमीखाली दुरुस्ती प्रामाणिकपणे नोंदवतात, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

छापील चुकीबद्दल कोणाला विचारायचं, हेही पानावरच लिहिलेलं असतं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, छपाईचं ठिकाण आणि संपादकाचं नाव असतं. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याने ही ओळ सक्तीची केली. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा लागू झाला. संपादकाला पत्र लिहून दाद मिळाली नाही, तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. ही परिषद वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरती आहे. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम आले, पण त्यातल्या आचारसंहितेच्या महत्त्वाच्या तरतुदींना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणून वेबसाइटवरच्या बातमीबद्दल तक्रार असेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात तारीख, वेळ आणि बातमीचा वेब पत्ता दिसायला हवा.

या दोघांच्या मधोमध एक तिसरी वस्तू फिरते, आणि सगळ्यात जास्त फसवते ती हीच. ते म्हणजे व्हॉट्सअॅपवरचं कात्रण. ई-पेपरातून एक चौकट कापून पाठवता येते. बऱ्याच ई-पेपरांत अशा कात्रणावर आपोआप पेपरचं नाव आणि तारीख येते. पुढे कोणीतरी ती पट्टी छाटून टाकतं आणि दोन वर्षांपूर्वीची कापसाच्या भावाची बातमी आजची म्हणून गावोगाव फिरते. छापील अक्षरावर आपल्या माणसांचा विश्वास आहे. 'पेपरात आलंय' हे शब्द अजून वजनदार आहेत आणि कात्रण त्याच विश्वासावर चालतं. टाइपसुद्धा हुबेहूब करून नकली कात्रणं बनतात. तारीख नसलेलं कात्रण आलं, तर मी पाठवणाऱ्याकडे फक्त तारीख आणि पान क्रमांक मागतो. तो मिळाला, तर ई-पेपरात ते पान उघडून मिनिटभरात खात्री होते. तारीख मिळत नसेल, तर ते कात्रण मी पुढे पाठवत नाही.

ई-पेपर उघडताना आवृत्ती बघायला विसरू नका, जिभाऊंच्या नोटिशीच्या वेळी मीही आधी तिथेच अडलो होतो. जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, धुळे, नंदुरबार अशा आवृत्त्या वेगळ्या असू शकतात आणि त्यांची आतली पानंही वेगळी असतात. लांबच्या तालुक्यांत जाणारी डाक आवृत्ती आधी छापून निघते, शहराची शेवटी. त्यामुळे रात्री उशिराची बातमी अक्कलकुव्याला पोहोचलेल्या अंकात नसते, पण त्याच तारखेच्या शहर आवृत्तीत असते. पारोळ्याची नोटीस मला शहर आवृत्तीत सापडली नाही, ग्रामीण निवडल्यावर सापडली.